पायांनी मागितलेलं कापड

दुर्गची गढी, १७४१

पायांत चाळ बांधून घ्या. घोट्याच्या वर, चामडी पट्टा घट्ट ओढून. सैल राहिला तर पहिल्या गिरकीलाच कातडं सोलून निघेल. आज रात्री तुम्हाला नाचायचंय. तुमचं वय सोळा, मिसरूड नुकतं फुटतंय आणि अंगावर चढणार आहे ते बाईचं लुगडं.

चहूकडे राहुट्या ठोकल्या आहेत. रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करपंत नागपूरहून फौज घेऊन रतनपूरच्या हैहयांवर निघालेत. दुर्गच्या या मातीच्या गढीवर, उंचवट्यावर, त्यांनी तळ दिलाय. शिवनाथ नदी जवळच आहे. एका बाजूच्या काळोखात नुसती शिवारं आहेत. तुमच्या काळात तिथेच बोरसी असेल, घरांच्या रांगा असतील, स्कूटी लावायला जागा नसेल. आत्ता तिथे कोल्हे ओरडतात.

ढोलकीवाला तुमच्याकडे बघतो. "पोरा, कासोटा नीट आवळ. फडात सुटला तर तळ हसेल."

म्हणून तुम्ही पुन्हा नेसता. नऊ वार कापड कमरेला गुंडाळायचं, गाठ मारायची, निऱ्या घालायच्या, मधला भाग दोन पायांमधून मागे ओढून पाठीशी खोचायचा. दोन्ही पाय एकमेकांपासून सुटे होतात. ही युक्ती नाचणाऱ्याची मुळीच नव्हे. भात लावणाऱ्या, डोक्यावरून ओझी वाहणाऱ्या, घोड्यावर बसणाऱ्या बायकांची आहे. नाच्याने ती उचलली आणि तिच्यात एक सुधारणा केली. शेतातली बाई कासोटा सैल ठेवते, वाकायला बरा पडतो म्हणून. तुम्ही तो पोटरीशी चापून बसवता, कारण घुंगरांवर कापड लोळलं की नाद बसतो. ढोलकीच्या बोलाला पायाने उत्तर द्यायचं तर चाळ मोकळे हवेत.

मशाली पेटतात. तुम्ही फडात शिरता. शिपाई शिट्ट्या मारतात, कुणी पैसा फेकतो. त्यांना ठाऊक आहे की पदराआड पोरगा आहे, तरी डोळे हटत नाहीत. उद्या सकाळी यांतलेच काहीजण तुम्हाला आपल्या पंगतीला बसू देणार नाहीत.

शिपायांच्या करमणुकीची ही गंमत आणि तिच्यातला हा बाईच्या वेषातला नाच्या मराठी फौजांबरोबर छत्तीसगडात उतरला आणि इथल्या मातीत नाचा म्हणून रुजला, असं इथल्या लोककलेचे पुष्कळ अभ्यासक मानतात. ते खरं असेल तर तुमचे चाळ या जमिनीवर बराच काळ वाजत राहणार आहेत. पण आधी थोडं लांब जाऊन येऊ.

पुणे, १८१०च्या आसपास

आता तुम्ही बाई आहात, कलावंतीण. वाड्याच्या दिवाणखान्यात समया लागल्यात, अत्तर आणि विड्याचा वास भरलाय. दुसऱ्या बाजीरावाचे दिवस आहेत. होनाजी बाळाच्या लावण्या शहरभर गायल्या जातात.

आज लुगडं नाही. तुमच्या अंगावर पेशवाज आहे. वर छातीशी घट्ट बसणारा भाग, कमरेपासून खाली कळ्या जोडून शिवलेला मोठा घेर, आत तंग विजार. हा उत्तरेकडच्या दरबारांतला पोशाख. मोगल अंतःपुरातल्या मानाच्या स्त्रियाही तो घालत. नाचणाऱ्यांनी तो जास्त काळ जपला, कारण त्यांना त्याचा उपयोग होता. हाताने चाचपून बघा: घेराच्या काठाला जरीची जड किनार लावली आहे. तिचं वजन चालताना पायांना जाणवतं. गिरकी घेतली की तेच वजन बाहेर धावतं, कापडाला ओढत नेतं आणि अख्खा घेर आडवा तरंगतो. थांबलात की तो एक क्षण उशिरा थांबतो आणि तुमच्याभोवती उलट गुंडाळतो. सम दोनदा दिसते, एकदा पायात, एकदा कापडात.

वरच्या मजल्यावर चिकाच्या पडद्याआड घरातल्या बायका बसल्यात. तुमचं गाणं त्यांना ऐकू येतं, पण त्यांची नजर किनारीवर आहे. त्या मनात कापडाचा भाव करत असतील, तरी त्यांच्यापैकी एकही हा पोशाख अंगाला लावणार नाही. तो 'तसल्या' बाईचा आहे.

जरा पुढे डोकावून घ्या. १९६० साली 'मुघल-ए-आझम' पडद्यावर येईल. लच्छू महाराजांनी बसवलेल्या नाचात मधुबाला गिरकी घेईल आणि हाच घेर देशभरच्या शिंप्यांकडे पोचेल. पुढे त्याला अनारकली म्हणतील. एकविसाव्या शतकात पडद्याआडच्या त्या बायकांच्या कित्येक पिढ्या पुढच्या लेकी साखरपुड्याला तो घालतील, आणि सासूबाई म्हणतील, किती शालीन दिसतं.

पॅरिस, १८३२ आणि १८६२

पायात सॅटिनचे चपटे जोडे. अंगावर पांढरी मलमल, थरावर थर, पोटरीच्या मध्यापर्यंत. १२ मार्च १८३२ची रात्र आहे, ऑपेराच्या रंगमंचावर 'ला सिल्फिद'चा पहिला प्रयोग. मारी ताल्योनी वायुकन्येच्या भूमिकेत आहे आणि तुम्ही तिच्या मागच्या रांगेत.

हा झगा एवढा आखूड होण्यामागे शंभर वर्षांचं भांडण आहे. १७३०च्या सुमारास मारी कामार्गो नावाच्या नर्तिकेने घागरा घोट्याच्या वर घेतला, कारण हवेत उडी मारून पाय एकमेकांवर आपटण्याचं पुरुषांचं कसब तिने आत्मसात केलं होतं आणि ते लांब घागऱ्यात दिसत नव्हतं. तिच्या जोड्यांची टाचही गेली. लोकांनी नाकं मुरडली आणि मग तिच्या नावाने जोडे नि केशरचना मागू लागले. इथेही तोच क्रम: पायाने मागितलं, कापडाने दिलं, गावाने आधी शिव्या घातल्या आणि नंतर शिंप्याला गाठलं.

ताल्योनीनंतर पांढऱ्या तलम झग्याचं वेड रंगमंचावरून मेजवान्यांत उतरतं. आता तीस वर्षं पुढे सरका, त्याच ऑपेरात, नोव्हेंबर १८६२मध्ये. तालीम चालू आहे. एम्मा लिव्री विशीतली, ताल्योनीचीच शिष्या. बाजूला गॅसच्या उघड्या ज्योती. ती घेर सावरायला झगा जरा उचलते आणि वाऱ्याचा झोत ज्योतीपर्यंत जातो. मलमल पेट घेते. ती धावते, धावल्यामुळे आग वाढते. तुम्ही दहा पावलांवर आहात आणि तुमच्याही अंगावर तेच कापड आहे.

आग धरू नये म्हणून रसायनात बुडवलेलं कापड उपलब्ध होतं. एम्माने ते नाकारलं होतं. त्याने मलमल ताठ व्हायची, मळकट दिसायची, तरंगायची नाही. प्रेक्षक तरंगणं बघायला येत. भाजल्यावर ती कित्येक महिने झुंजली आणि १८६३च्या जुलैत गेली. त्याच काळात युरोपातल्या दिवाणखान्यांत फुगीर, तलम घागऱ्यांनी शेगडीजवळ पेट घेतल्याच्या बातम्या वारंवार येत होत्या. फॅशनने नर्तिकेचं कापड घेतलं, त्याबरोबर तिची आगही घरात आली.

बडोदा, १८८०

मराठी कानावर पडेल, पण तिच्यात तमिळ हेल आहे. तुम्ही तंजावरच्या नर्तिकांच्या मेळ्यातून आला आहात. तंजावरची मराठा राजकन्या लक्ष्मीबाई, आता चिमणाबाई, सयाजीराव गायकवाडांशी लग्न होऊन बडोद्यात आली आणि तिच्याबरोबर आंदण म्हणून नाच आला: नर्तिका, नट्टुवनार म्हणजे नाचाचे गुरू, वादक. मेळ्यातल्या गौरा आणि कांतिमती यांची नावं पुढे बडोद्याच्या इतिहासात राहतील. संस्थानच्या कलावंत कारखान्यात तुमचं नाव पगारपत्रकावर चढतं.

तंजावरला व्यंकोजीराजांपासून भोसल्यांची गादी होती. सरफोजीराजांनी तर या नाचासाठी मराठीत निरूपणं रचली, आणि त्यांच्या दरबारात चार भावांनी, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू यांनी, नाचाच्या मैफलीचा क्रम लावून दिला. म्हणजे आज तुम्ही जे नाचता ते तमिळ अंगाचं आणि निम्मं मराठी आश्रयाचं आहे.

अंगावर तंग विजार आणि तिच्यावरून नेसलेली रेशमी साडी. नेसवायला म्हातारी आत्या लागते, तिला बराच वेळ लागतो आणि ती मध्ये मध्ये रागावते. सगळ्यात जास्त वेळ पुढच्या निऱ्यांच्या पंख्याला. गुडघे बाजूला उघडून अर्धं बसा. पंखा उघडतो. उठा, तो मिटतो. गुडघ्यांचा कोन जराही चुकला तर पंखा वाकडा उघडतो आणि गुरूला लांबूनही दिसतो. कमरेला पट्टा हवाच, पदर हलू नये म्हणून. डोक्यावर एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला चंद्र, लाल खड्यांचे. देवाच्या मूर्तीला घालतात त्याच घडणीचे.

आता ५५ वर्षं पुढे, मद्रासजवळ अड्यारला. डिसेंबर १९३५. थिऑसॉफिकल सोसायटीच्या हीरकमहोत्सवात रुक्मिणीदेवी अरुंडेल हा नाच, म्हणजेच भरतनाट्यम, स्वतः सादर करतात. ब्राह्मण घरातली, विवाहित स्त्री रंगमंचावर हा नाच करते, याचीच शहरभर चर्चा. त्यांनी पोशाखही नव्याने बांधला, मादाम काझान या इटालियन वेषकारबाईंच्या मदतीने. साडीचे तुकडे झाले: विजार वेगळी, पंखा वेगळा, मागचा भाग वेगळा, छातीवरून जाणारा पदर वेगळा, सगळं शिवलेलं आणि बंदांनी बांधायचं. आत्याची गरज संपली. कुठल्याही घरातली मुलगी तो काही मिनिटांत चढवू शकते.

नाचाची सोय म्हणून हा बदल अप्रतिम होता. पण त्याची दुसरी बाजू आत्याला विचारा. बारा वर्षांनी, १९४७ साली, मद्रास प्रांतात देवदासी सोडण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा झाला. मुलींची सुटका व्हायला हवी होती, ती झाली. पण त्याच वर्षांत ज्या घरांनी हा नाच पिढ्यान् पिढ्या सांभाळला त्यांच्या मुली रंगमंचावरून दिसेनाशा झाल्या. बालसरस्वतींसारखी एखादीच टिकली. दागिने मात्र खूप लांब गेले. लाल खड्यांचे ते हार आणि झुमके आज 'टेंपल ज्वेलरी' म्हणून पुण्या-नागपूरच्या नवऱ्या मुलींच्या गळ्यात असतात.

मुंबई, १९११

वाटेत पॅरिसला एक उभी भेट देऊ. जून १९१०, 'शेहेरझाद'चा प्रयोग. रशियन मंडळीच्या नाचासाठी लेओन बाक्स्तने झगझगीत रंगांच्या विजारी आणि फेटे काढलेत. वर्षभरात शिंपीराज पॉल प्वारे पॅरिसच्या बायकांना फुगीर विजारी विकतो आहे आणि गाव हादरलंय, बायका विजार घालणार! तुम्ही हसून पुढे निघा. पंजाबात ही गोष्ट कुणालाही नवी वाटली नसती.

मुंबईत १२ मार्च १९११. 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग. तुम्ही बायकांच्या बाजूला बसलेली एक सुखवस्तू गृहिणी आहात. नायिका भामिनी येते आणि सभागृहात खसखस पिकायची थांबते. ती भामिनी म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, बालगंधर्व, वय २२.

इथे नाच थोडा, गाणं फार. पण या बाईचं चालणं बघा. पदर खांद्यावरून कसा जातो आणि हात त्याला कसा सावरतो, मान वळली की नथ कुठे थांबते, अंबाड्यातला गजरा किती खाली येतो. हा माणूस बाईच्या कापडाचा बाईपेक्षा बारकाईने अभ्यास करतो. खरे शालू, खऱ्या पैठण्या, खरं अत्तर. पुढे स्वतःच्या गंधर्व नाटक मंडळीत या हौसेपायी तो कर्जात बुडेल. तुमच्या शेजारची बाई पुटपुटते, "अगं, पदर कसा घेतलाय बघितलास का?" उद्या दुपारी आरशासमोर तुम्ही तो तसाच घ्याल. मराठी घरांमध्ये एका पिढीने नेसणं, नथ, गजरा, उभं राहण्याची ढब या माणसाकडून उचलली. त्या काळाबद्दल लिहिणारे हे पुन्हा पुन्हा सांगतात.

आता बाहेर या. गिरणगावाकडे चला. कामगारांची गर्दी, ढोलकी, तुणतुणं. पठ्ठे बापूरावांचा फड आणि त्यात पवळाबाई हिवरगावकर. बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी, जात सोडून तमाशात आलेले; पवळा दलित घरातली. तमाशाच्या फडावर उभ्या राहिलेल्या पहिल्या बायकांत तिची गणना होते. दुर्गच्या गढीवर तुम्ही जे लुगडं पोऱ्या म्हणून नेसला होतात, ते आता खऱ्या बाईच्या अंगावर आहे. कासोटा तसाच पोटरीशी चापलेला, चाळ तसेच मोकळे.

नेसणं दोघांचंही नजरेत भरणारं. एकाचं घरात जातं, दुसरीचं जात नाही. बालगंधर्व पुरुष होते, ब्राह्मण होते, त्यांची भामिनी कुणाच्याही घरची सून शोभली असती. पवळाच्या कासोट्याला ती मुभा नव्हती. तिच्याच वाटेने पुढे विठाबाई नारायणगावकर आल्या. नऊ महिने भरलेले असताना त्या नाचल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि परत फडावर गेल्या. त्या रात्री त्यांना उभं ठेवणारं कापड हेच. नऊ वारांना मापं नसतात. पोट वाढलं तर गाठ जरा वर घ्यायची, उतरलं तर पुन्हा आवळायची. शिवलेल्या कुठल्याही पोशाखाला हे जमलं नसतं. १९५७ साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. कासोटा दिल्लीपर्यंत पोचला, तरी मराठी मध्यमवर्गाच्या लग्नघरात तो यायला आणखी काही दशकं लागली.

रवेली, १९३० नंतर, बघेरा, १९७१

परत छत्तीसगडात. राजनांदगावजवळचं रवेली. दाऊ दुलारसिंह मंदराजींनी १९२८ साली उभी केलेली नाचा पार्टी. तुम्ही पुन्हा पोऱ्या आहात, इथे तुम्हाला परी म्हणतात. चेहऱ्याला मुर्दाडशिंग आणि गेरू, डोळ्यांत काजळ, डोक्यावर लोटा, लुगऱ्याचा पदर कमरेला खोचलेला. आतापर्यंत खडे साजातले कलाकार उभ्या उभ्या वाजवत आणि त्यांच्या बाजूने मशालजी फिरत. मशाल फिरेल तिथे उजेड. म्हणून परीचा वेष ढोबळ असे: मोठा रंग, मोठी हालचाल, खूप वाजणारे दागिने.

मंदराजींनी चिकाऱ्याच्या जागी हार्मोनियम आणली आणि मशालीच्या जागी पेट्रोमॅक्स. पांढरा उजेड वरून सगळ्यांवर सारखा पडला. काय बदललं ते तुमच्या अंगावरच बघा. दुरून चालून जाणारं ठिगळ आता चालत नाही. पोलक्याची शिवण दिसते. टिकली चमकते. दाढीची खुंटं दिसतात, म्हणून दोनदा घोटावी लागते. कपड्यांवर जास्त पैसा जायला लागतो, आणि सकाळी गावातल्या पोरी विहिरीवर परीच्या पोलक्याबद्दल बोलतात.

१९७१चा नोव्हेंबर. दुर्गजवळचं बघेरा. बोरसीतून सायकलने या. पलीकडे भिलाईच्या भट्ट्यांचा लालसर उजेड आभाळात दिसतो. पहिली भट्टी १९५९मध्ये पेटली. आता आसपासची तरुण मुलं टेरिकॉटच्या पॅंटी शिवून घेतात आणि गावाकडचा वेष लपवतात. दाऊ रामचंद्र देशमुखांनी 'चंदैनी गोंदा'त हाच लपवलेला वेष रंगमंचावर आणला. लुगरा, पोलका, गळ्यात सुतिया आणि नाण्यांची माळ, कमरेला करधन, पायात तोडे. तुमच्या आईच्या पेटीत आहेत तेच. शेतकऱ्याची गोष्ट, लक्ष्मण मस्तुरियांची गाणी, खुमान सावांचं संगीत आणि हजारो माणसं मैदानात. शेजारी बसलेल्या टेरिकॉटवाल्या मुलाकडे बघा. तो आपल्याच आजीकडे पहिल्यांदा बघितल्यासारखा बघतोय.

भिलाईजवळच्या गनियारीतून याच सुमारास तीजनबाई उभ्या राहतात. बायकांनी पंडवानी, म्हणजे गाऊन सांगायची महाभारताची कथा, बसून सांगायची, अशी रीत. त्या पुरुषांच्या कापालिक शैलीत उभं राहून, फिरून, तंबुऱ्याची गदा करून सांगतात. गाते म्हणून समाजाने त्यांना बाहेर काढलं होतं. लुगरा, चांदीचे दागिने, कपाळावर ठसठशीत कुंकू, हा त्यांचा वेष आज छत्तीसगडची ओळख म्हणून भिंतींवर रंगवलेला असतो. त्यांनी भिलाई पोलाद कारखान्यात नोकरी केली, आणि २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. इथे लाजेपासून मानापर्यंतचा सगळा प्रवास एकाच बाईने एका आयुष्यात चालून दाखवला. फार थोड्या नाचणाऱ्यांच्या वाट्याला हे येतं.

बोरसी, आज

आता तुमच्या स्वतःच्या कपड्यांत या. लेगिंग्ज, वर कुर्ता, पायात चपट्या बेली. बेलीकडे एकदा बघून घ्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत चामड्याच्या जोड्यांना रेशन लागलं, नाचाच्या जोड्यांना लागलं नाही. १९४४च्या सुमारास क्लेअर मॅकार्डेलने कापेझिओ या नाचाचे जोडे करणाऱ्या कंपनीकडून त्यांना जाड तळवा लावून घेतला आणि ते रस्त्यावर चालले. कामार्गोने टाच काढली तिथून ही बेली निघाली आणि दुर्गच्या बाजारात येऊन थांबली.

गॅदरिंगचे दिवस आहेत. मुलीसाठी पोशाख भाड्याने आणायला तुम्ही दुकानात शिरता. लांब लोखंडी नळीवर सगळा इतिहास एका ओळीत टांगलेला आहे: लुगरा-पोलक्याचा सेट, रबरी बंदाच्या पंख्याचा भरतनाट्यम, घेरदार अनारकली, नायलॉन जाळीचा पांढरा बॅले फ्रॉक आणि शिवलेली नऊवारी. नऊवारी खाली काढून बघा. कासोटा आधीच मागे शिवलेला, कमरेला हूक आणि नाडी, निऱ्यांवर टाके. पाय घाला, ओढा, हूक लावा. दोन मिनिटं. आत मापाची चिठ्ठी आहे, लार्ज. विठाबाईंच्या कापडाला चिठ्ठी लागत नव्हती.

दुकानातली बाई हिशेबाची वही उघडते. "डांस बर चाही, दीदी, के बिहाव बर?"

नाचासाठी हवंय की लग्नासाठी, याने काय फरक पडतो, तुम्ही विचारता. पडतो, ती सांगते. हल्ली नवऱ्या मुलीही हेच मागतात, 'मस्तानी' म्हणून, 'पेशवाई' म्हणून, कधी मुद्दाम 'लावणी' म्हणून. लग्नाचं भाडं जास्त. त्याला इस्त्री, खोका, बरोबर नथ. नाचाचं भाडं कमी, कारण पोरी घामाने खराब करतात आणि खालची किनार चाळांत अडकून फाटते.

तुम्ही किनार उलटून बघता. खरंच फाटलेली आहे, पोटरीच्या उंचीवर, आणि आतून नीट शिवलेली आहे. कुणी शिवली? बाई मागच्या खोलीकडे हात करते. तिथे मशीन चालू आहे. तिची सासू नाचा पार्टीत कपडे सांभाळायची, बाई सांगते. कापड कुठे फाटतं हे सासूला बरोबर ठाऊक असतं, म्हणून नवीन शिवतानाच त्या जागी ती दुहेरी टीप मारते.

लग्नाच्या नऊवारीतही?

"सगळ्यांत," ती म्हणते. "नवरी काय वरातीत नाचत नाही?"